मतपत्रिकेवरचे दुसरे नाव

निवडणूक म्हटली की ग्रामपंचायत, विधानसभा, लोकसभा डोळ्यांपुढे येतात; फार तर शाळेतले मंत्रिमंडळ. पण संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळातले खेळाडूही २००८ पासून आपले प्रतिनिधी निवडत आले आहेत. उमेदवार उभे राहतात, जाहीरनामे काढतात, मते मागतात. निवडून आलेल्यांना आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे बोलावले जाते आणि खेळ तयार करणाऱ्या कंपनीपुढे बसून ते खेळाडूंचे म्हणणे मांडतात.

खेळातली ही निवडणूक शिक्षकांनी कशाला समजून घ्यायची? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण गणिताचे. या निवडणुकीत २०१३ मध्ये मतमोजणीची पद्धत बदलण्यात आली. मते तीच ठेवून मोजणी बदलली तर निकाल कसा बदलतो आणि उमेदवाराचे वागणेही कसे बदलते, हे त्यातून चांगले दिसते. दुसरे कारण नागरिकशास्त्राचे. ज्या मंडळाच्या हातात कायदा करण्याची सत्ता नाही, त्या मंडळाला किंमत येते ती कशामुळे? हा प्रश्न शाळेच्या मंत्रिमंडळालाही तितकाच लागू आहे.

खेळ आणि त्याचे जग

खेळाचे नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलंडमधील सीसीपी या कंपनीने तो मे २००३ मध्ये सुरू केला. खेळाडू एका काल्पनिक अंतराळातली याने चालवतात. खनिजे काढावीत, कारखाने चालवावेत, व्यापार करावा, लुटावे, लढावे. काय करायचे ते ज्याने त्याने ठरवायचे. या जगात सात हजारांहून अधिक तारकासंस्था आहेत.

बहुतेक ऑनलाइन खेळांमध्ये खेळाडूंची विभागणी जगाच्या अनेक वेगवेगळ्या प्रतींमध्ये केलेली असते. एका प्रतीत घडलेले दुसऱ्या प्रतीत कळतही नाही. ईव्हमध्ये मात्र चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला, तर सारे खेळाडू एकाच जगात असतात. त्यामुळे एकाने केलेल्या गोष्टीचा परिणाम दुसऱ्याला भोगावा लागतो. वस्तूंच्या किमती मागणी-पुरवठ्यावर ठरतात, कारण बहुतेक वस्तू खेळाडूच बनवतात आणि खेळाडूच विकत घेतात. या अर्थव्यवस्थेकडे लक्ष ठेवण्यासाठी कंपनीने २००७ मध्ये एका अर्थतज्ज्ञाची नेमणूक केली होती. आयोल्फुर गुडमुंडसन हे त्यांचे नाव. ते पुढे आइसलंडमधील आकुरेरी विद्यापीठाचे रेक्टर झाले.

या जगात गट पडतात, गटांच्या आघाड्या होतात, आघाड्यांमध्ये युद्धे होतात. जानेवारी २०१४ मध्ये एका आघाडीकडून ताब्यातल्या प्रदेशाचा ठरलेला हप्ता भरला गेला नाही आणि प्रदेशावरचा हक्क सुटला. त्यावरून पेटलेली लढाई सुमारे २१ तास चालली. साडेसात हजारांहून अधिक पात्रे तीत उतरली होती आणि ७५ अतिप्रचंड याने नष्ट झाली. ही याने बांधायला शेकडो माणसांचे कित्येक महिन्यांचे श्रम लागतात. खेळ काल्पनिक असला तरी त्यात घातलेला वेळ आणि केलेले कष्ट खरेच असतात. म्हणूनच नियम कोण ठरवतो, हा प्रश्न तेथे अटीतटीचा होतो.

मंडळ का स्थापन झाले?

या जगात कंपनीचे स्थान मोठे विलक्षण आहे. कायदा तीच करते, न्याय तीच देते आणि निसर्गनियमही तीच ठरवते. एखाद्या खनिजाचे साठे एका रात्रीत निम्मे करणे तिला शक्य असते. एवढी सत्ता ज्याच्याकडे आहे तो स्वतःच खेळात उतरला तर?

नेमके तेच घडले. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने खेळातल्या दुर्मिळ वस्तूंचे काही मौल्यवान आराखडे स्वतःच तयार करून घेतले. हा कर्मचारी खेळाडू म्हणून एका बलाढ्य गटात होता. प्रकरण २००६ चे. ते चव्हाट्यावर आले फेब्रुवारी २००७ मध्ये. पंचानेच एका संघाकडून खेळावे, असा हा प्रकार होता. खेळाडूंचा विश्वास उडाला. कर्मचाऱ्यांच्या वागणुकीवर लक्ष ठेवण्यासाठी कंपनीने अंतर्गत यंत्रणा उभी केली. पण कंपनीची तपासणी कंपनीनेच करायची, हे खेळाडूंना पुरेसे वाटत नव्हते. तेव्हा खेळाडूंनी निवडलेल्या मंडळाची कल्पना पुढे आली.

मे २००८ मध्ये पहिली निवडणूक झाली. मंडळाला ‘काउन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ असे नाव देण्यात आले. आपण त्याला नुसते ‘मंडळ’ म्हणू. जागा ९ आणि उमेदवार साठाहून अधिक होते. मतदान मात्र जेमतेम अकरा टक्क्यांच्या आसपास झाले. त्याच वर्षी जूनमध्ये पहिले मंडळ रेक्याविकला गेले. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती. पुढे ती एक वर्षाची झाली. जागाही वाढून १४ झाल्या आणि नंतर १० वर आल्या.

समजा, आपण उमेदवार आहोत

या निवडणुकीला उभे राहायचे तर काय करावे लागते ते पाहू.

पहिली अडचण नावाची. खेळात प्रत्येकजण टोपणनावाने वावरतो. पण मंडळाच्या उमेदवाराला आपली खरी ओळख कंपनीला द्यावी लागते. तो सज्ञान हवा. निवडून आल्यावर गोपनीयतेचा करार करावा लागतो, कारण कंपनीच्या पुढच्या योजना मंडळाला आधी दाखवल्या जातात. कोणती वस्तू महाग होणार हे आधी कळलेला माणूस बाजारात काय करू शकेल, हे सांगायला नकोच!

दुसरा प्रश्न असा की, आपण कोणाचे प्रतिनिधी? खेळात मतदारसंघ नाहीत. सारे जग मिळून एकच मतदारसंघ. पण राहणीमान प्रदेशाप्रमाणे फार वेगवेगळे आहे. काही भाग सुरक्षित आहेत. तेथे विनाकारण हल्ला करणाऱ्याला खेळातले पोलीस लगेच शासन करतात. नवे खेळाडू, व्यापारी, एकटेदुकटे खेळणारे येथे राहतात. काही भागांत कोणताच कायदा नाही. तेथे मोठ्या आघाड्यांचे राज्य असते. याशिवाय ज्यांचा मार्ग सतत बदलतो अशा गूढ बोगद्यांपलीकडचे प्रदेश आहेत. तेथे छोट्या, जिद्दी टोळ्या राहतात. एकाला हवा असलेला नियम दुसऱ्याच्या मुळावर येतो.

तिसरा प्रश्न मते मिळवण्याचा. येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सुरक्षित भागात पुष्कळ खेळाडू राहतात, पण मंडळात बहुधा वरचष्मा असतो तो कायदा नसलेल्या भागातल्या आघाड्यांचा. कारण उघड आहे. आघाडीकडे संघटना आहे. ‘अमुक दिवशी मतदान आहे, ही नावे लिहा’ असा निरोप तिच्या सभासदांपर्यंत काही तासांत जातो. एकटा खेळणारा मात्र निवडणूक कधी झाली हेही जाणत नाही. संख्या आणि संघटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. येथे मत माणसाला नसते, खात्याला असते. पैसे भरून चालवलेली तीन खाती एकाच माणसाची असतील तर त्याला तीन मते. आपल्याकडच्या सहकारी संस्थेत सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच असते. भागभांडवलाच्या कंपनीत जितके भाग तितकी मते. ईव्हमधले मतदान याबाबतीत सहकारी संस्थेपेक्षा कंपनीच्या जवळचे आहे. ‘एक माणूस, एक मत’ हे तत्त्व आपण इतके गृहीत धरतो की, ते मुद्दाम स्वीकारावे लागते हे विसरून जातो.

जास्त झालेली मते कोठे जातात?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पहिल्या सात निवडणुकांत पद्धत सरळ होती. प्रत्येक मतदाराने एकाच उमेदवाराला मत द्यायचे. ज्यांना सर्वांत जास्त मते ते निवडून आले.

२०१२ च्या निवडणुकीत जागा १४ होत्या आणि सुमारे ५९ हजार मते पडली. पहिल्या आलेल्या उमेदवाराला दहा हजारांहून अधिक मते मिळाली. खरे तर चार हजार मते मिळाली असती तरी तो नक्की निवडून आला असता. ते कसे? चौदा जागा असताना कोणाला बाहेर राहावे लागायचे असेल, तर त्याच्याइतकी किंवा त्याच्याहून अधिक मते असलेले आणखी चौदा जण हवेत. म्हणजे चार हजार किंवा त्याहून अधिक मते घेणारे एकूण पंधरा उमेदवार हवेत. पण पंधरा चोक साठ. एकूण मतेच साठ हजार नाहीत. तेव्हा उरलेली सहा हजार मते कोणाच्याच उपयोगी पडली नाहीत. हरलेल्या उमेदवाराला दिलेले मत वाया जाते हे आपल्याला ठाऊक असते. जिंकणाऱ्याला दिलेले जास्तीचे मतही वायाच जाते, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही.

हा गोंधळ टाळण्यासाठी २०१३ च्या आठव्या निवडणुकीपासून एकल संक्रमणीय मतपद्धती घेण्यात आली. नाव भारदस्त असले तरी कल्पना सोपी आहे. ‘एकल’ म्हणजे प्रत्येकाला मत एकच. ‘संक्रमणीय’ म्हणजे ते एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे. मतदार एका नावावर खूण करीत नाही. तो पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती अशी क्रमवार यादी देतो. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे आणि इंग्लंडमध्ये टॉमस हेअर यांनी स्वतंत्रपणे मांडली. निवडून येण्यासाठी नेमकी किती मते पुरेत याचे सूत्र हेन्री ड्रूप यांनी १८६८ मध्ये दिले.

सूत्र असे : एकूण मतांना (जागा + १) ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि १ मिळवा. याला कोटा म्हणतात.

चाळीस मुलांचा वर्ग

एक उदाहरण घेऊ. वर्गात ४० मुले आहेत. तीन प्रतिनिधी निवडायचे आहेत. गावाच्या वरच्या आळीतली २४ मुले आहेत, खालच्या आळीतली १६. वरच्या आळीचे उमेदवार अनिता आणि बाळू. खालच्या आळीचे चंदा, दिनेश आणि इंदू. पहिल्या पसंतीची मते अशी पडली :

अनिता २०
बाळू ४
चंदा ६
दिनेश ६
इंदू ४

जुन्या पद्धतीने निकाल लावला तर अनिता, चंदा आणि दिनेश निवडून येतात. म्हणजे २४ मुलांच्या आळीला एक जागा आणि १६ मुलांच्या आळीला दोन! वरच्या आळीचा दोष एवढाच की, त्यांची अनिता फार लोकप्रिय आहे.

आता त्याच मतपत्रिका नव्या पद्धतीने मोजू. कोटा काढू : ४० भागिले ४ म्हणजे १०, अधिक १, कोटा ११.

पहिली फेरी. अनिताला २० मते आहेत. ती निवडून आली. तिची ९ मते वरकड आहेत. ही ९ मते कोणाच्या मतपत्रिकांतली धरायची? कोणत्याही नऊ उचलल्या तर अन्याय होईल. म्हणून तिच्या विसाच्या वीस मतपत्रिका पुढे पाठवायच्या, पण प्रत्येकीची किंमत कमी करून. ९ भागिले २० म्हणजे ०.४५. या विसांवर दुसरी पसंती बाळूला आहे असे समजू. बाळूला २० × ०.४५ = ९ मते मिळाली.

दुसरी फेरी. बाळूची मते ४ + ९ = १३. तोही निवडून आला.

तिसरी फेरी. बाळूकडे २ मते वरकड आहेत, पण त्या मतपत्रिकांवर पुढचे नावच लिहिलेले नाही. तेव्हा ती तेथेच थांबली. एक जागा उरली आहे आणि चंदा, दिनेश, इंदू यांपैकी कोणालाच कोटा गाठता आलेला नाही. अशा वेळी सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो. इंदू बाद झाली. तिच्या ४ मतपत्रिका पूर्ण किमतीने पुढे गेल्या, कारण त्यांनी अजून कोणालाच निवडून दिलेले नाही. समजा, त्यांतल्या ३ वर दुसरे नाव दिनेशचे आणि एकीवर चंदाचे आहे. दिनेश ९, चंदा ७.

चौथी फेरी. चंदा बाद झाली आणि उरलेली जागा दिनेशला मिळाली.

निकाल : वरच्या आळीला दोन जागा, खालच्या आळीला एक. मुलांचे प्रमाण ६० टक्के आणि ४० टक्के आहे. तीन जागांत याहून जवळचा निकाल शक्य नाही. एकाही मुलाने आपले मत बदललेले नाही. बदलली ती फक्त मोजणी.

तिसऱ्या फेरीकडे पुन्हा एकदा पाहा. वरच्या आळीतल्या मुलांनी यादी पुढे भरली असती, तर त्यांची २ मते चंदा, दिनेश आणि इंदू यांच्यात कोण निवडून यावे हे ठरवायला उपयोगी पडली असती. यादी अर्धी सोडणे म्हणजे आपल्या मताचा उरलेला तुकडा टाकून देणे.

ईव्हमध्ये याच पद्धतीचा एक प्रकार वापरला जातो. त्यात एखादा उमेदवार बाद झाला की, त्याचे नाव कधी नव्हतेच असे समजून मोजणी पुन्हा पहिल्यापासून करतात. हाताने हे करायचे तर दिवस जातील; संगणकाला काही क्षण पुरतात.

ही पद्धत आपल्या ओळखीचीच

ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती स्वतः वापरली आहे. महाराष्ट्र विधानपरिषदेत शिक्षक मतदारसंघाच्या ७ जागा आहेत. तेथे मतपत्रिकेवर फुली न मारता नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. ते याच पद्धतीसाठी. फरक एवढाच की तेथे जागा एकच असते. म्हणून कोटा निम्म्याहून अधिक मतांचा होतो.

राज्यसभेची निवडणूकही अशीच होते. महाराष्ट्रात १० जून २०२२ रोजी ६ जागांसाठी ७ उमेदवार होते. वैध मते २८४. बेरीज-भागाकारात अपूर्णांक कमी यावेत म्हणून प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. कोटा काढा : २८४०० भागिले ७, अपूर्णांक सोडून ४०५७, अधिक १, म्हणजे ४०५८. सहाव्या जागेसाठी चुरस होती ती धनंजय महाडिक आणि संजय पवार यांच्यात. पहिल्या पसंतीची मते पवारांना ३३ आणि महाडिकांना २७ होती. तरी निवडून आले महाडिक. कारण त्यांच्याच पक्षाच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते होती. म्हणजे कोट्यापेक्षा सात-सात मतांहून अधिक वरकड. ती वरकड मते महाडिकांकडे आली. पवारांना मिळू शकणारी वरकड मते त्याहून कमी होती. हा निकाल अनेकांना कोडे वाटला होता. वर्गातले उदाहरण सोडवलेल्या मुलाला तो कोडे वाटणार नाही.

दुसऱ्याच्या अंगणात

मोजणी बदलल्याने उमेदवाराचे काय बदलते? जुन्या पद्धतीत त्याला एकच काम होते : आपली माणसे सांभाळणे. दुसऱ्या गटाच्या मतदाराकडे जाण्यात अर्थ नव्हता. तो आपल्या माणसाला सोडून मत देणार नाही हे ठरलेलेच होते. नव्या पद्धतीत त्या मतदारालाही सांगता येते, ‘पहिले मत तुझ्या माणसालाच दे; पण दुसरे किंवा तिसरे नाव माझे लिही.’ दुसरी पसंती मिळवायची तर दुसऱ्याच्या अंगणात जावे लागते. तेथे जायचे तर त्याच्या अडचणी माहीत हव्यात आणि निदान त्याचा अपमान केलेला नसावा. लहान गटातल्या उमेदवाराला एकट्याच्या मतांवर कोटा गाठता येत नाही. अशा चार गटांनी एकमेकांची नावे याद्यांत लिहिली तर त्यांतला एखादा तरी निवडून येतो.

अर्थात, पद्धत बदलली म्हणून संघटनेचे बळ संपत नाही. मोठ्या आघाड्या क्रमवार नावांची तयार यादीच सभासदांना देतात. २०१२ मध्ये जी सहा हजार मते वाया गेली, तेवढीच वरकड मते नव्या पद्धतीत दुसरा उमेदवार निवडून आणतील आणि तिसऱ्यालाही हातभार लावतील. संघटितांचा वरचष्मा म्हणूनच टिकून राहिला. कोणतीही मोजणी झाली तरी ती पडलेली मतेच मोजते. न आलेल्या मतदाराचे मत कोणत्याच सूत्राने मोजता येत नाही.

निवडून आल्यावर

आता दुसरा प्रश्न. हे मंडळ सल्लागार आहे. त्याला कोणताही नियम करता येत नाही, बदलता येत नाही, रोखता येत नाही. मग एवढी धडपड कशासाठी?

याचे उत्तर २०११ मध्ये मिळाले. त्या वर्षी जूनमध्ये कंपनीने खेळात पात्रांसाठी कपडे, दागिने विकायला ठेवले. त्यात एका डोळ्याला लावायच्या चष्म्याची किंमत साठ डॉलरांहून अधिक पडत होती! त्याच सुमारास कंपनीच्या अंतर्गत पत्रिकेचा एक अंक बाहेर फुटला. लोभ चांगला असतो का, अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या त्या अंकात खेळात अधिकाधिक गोष्टी पैशांनी विकण्याची चर्चा होती. आज कपडे विकले, उद्या पैसे देऊन शस्त्रे विकतील, मग कौशल्याला काय अर्थ, या विचाराने खेळाडू खवळले. खेळातल्या मोठ्या बाजारपेठेत शेकडोंनी जमून तेथल्या एका स्मारकावर त्यांनी तोफा डागल्या. अनेकांनी खाती बंद केली.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की, संस्था बिघडू लागली की तिच्या सभासदापुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निघून जाणाऱ्यामुळे काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते. काय बिघडले ते आवाज उठवणाऱ्याकडूनच कळते. बंद झालेली खाती कंपनीला मोजता येत होती, पण त्यांचे कारण आकड्यांत नव्हते. कंपनीने मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले. ३० जून आणि १ जुलै असे दोन दिवस बैठका झाल्या आणि शेवटी संयुक्त निवेदन निघाले. पैसे देऊन लढाईत वरचढ ठरता येईल अशा वस्तू विकण्याचा बेत नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. तरी नुकसान व्हायचे ते झालेच. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी खेळाडूंची जाहीर माफी मागितली आणि त्याच महिन्यात सुमारे वीस टक्के कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. मंडळाचे आधीच ऐकले असते तर त्या माणसांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या का, हे कोणी सांगू शकत नाही. पण खेळातल्या निर्णयाचे परिणाम खेळापुरतेच राहत नाहीत, हे त्यावरून पुरेसे दिसते.

मंडळाची किंमत आहे ती अशा जागी. कंपनी बंद दाराआड काय ठरवते ते त्याला कळते. खेळाडू का चिडले आहेत ते त्याला सांगता येते. आणि त्याने ‘हे खरे आहे’ म्हटले तर खेळाडूंचा त्यावर थोडा तरी विश्वास बसतो. तो विश्वासच त्याचे भांडवल आहे, आणि ते कमी व्हायला वेळ लागत नाही. २०१२ मध्ये मंडळाच्या अध्यक्षाने रेक्याविकमधल्या मेळाव्यात मद्याच्या अमलाखाली व्यासपीठावरून एका खचलेल्या, जीव देण्याची भाषा केलेल्या खेळाडूची टर उडवली आणि त्याला छळायला श्रोत्यांना चिथावले. त्याने माफी मागून अध्यक्षपद सोडले. कंपनीने त्याचे खाते ३० दिवस बंद केले आणि नव्या मंडळातली त्याची जागाही गेली. दहा हजारांहून अधिक मते मिळवणारा उमेदवार तो हाच. मते भरपूर आहेत म्हणून वागणुकीची सूट मिळत नाही, हे येथे ठरले.

उलट बाजूही आहे. एप्रिल २०१९ मध्ये गोपनीय माहिती फोडल्याच्या आरोपावरून कंपनीने एका सदस्याला मंडळातून काढले आणि त्याच्या खात्यावर कायमची बंदी घातली. त्याने आरोप साफ नाकारला. फेरतपासणीत आरोप खरा नसल्याचे आढळले. काही आठवड्यांत कंपनीला माफी मागून बंदी उठवावी लागली. आरोप करणारी, चौकशी करणारी आणि शिक्षा देणारी संस्था एकच असली की काय होते, ते येथे दिसते. २००७ मध्ये मंडळाची कल्पना ज्या प्रश्नातून निघाली, तो प्रश्न बारा वर्षांनीही पूर्णपणे सुटलेला नव्हता.

वर्गात करून पाहा

खेळाच्या तासाला आलटून पालटून खेळायचे तीन खेळ मुलांनाच निवडू द्या. कबड्डी, खो-खो, लंगडी, क्रिकेट, लगोरी आणि डॉजबॉल असे सहा ‘उमेदवार’ ठेवा. प्रत्येक मुलाला कागदाचा एक तुकडा द्या. त्यावर आवडीच्या क्रमाने सहाही खेळ लिहायला सांगा. नाव लिहायचे नाही.

आधी फक्त पहिली नावे मोजा आणि फळ्यावर निकाल लिहा. मग त्याच चिठ्ठ्या कोटा काढून पसंतीक्रमाने मोजा. सहा खोकी घेऊन चिठ्ठ्या एका खोक्यातून दुसऱ्यात हलवल्या तर मत ‘संक्रमणीय’ म्हणजे काय ते न सांगता कळते. वरकड चिठ्ठ्यांवर नवी किंमत पेन्सिलीने लिहा. अपूर्णांक, दशांश आणि गुणोत्तर यांचा सराव त्यातच होईल. दोन्ही निकाल वेगळे आले तर विचारा : कोणता निकाल जास्त न्याय्य वाटतो, आणि का? ज्यांचा पहिला खेळ आला नाही, त्यांच्यापैकी किती जणांचा दुसरा आला? मुलांची मुलींशी आणि खेळात तरबेज असलेल्यांची इतरांशी तुलना करून पाहायची असेल, तर दोन रंगांचे कागद वापरता येतील.

यानंतर शाळेच्या मंत्रिमंडळाचा विषय काढावा. आपल्या मंत्रिमंडळाला निर्णय आधी कळतात की नंतर? त्याने केलेली सूचना नाकारली तर कारण सांगितले जाते का? ईव्हच्या मंडळाकडेही सत्ता नव्हती. पण त्याला माहिती मिळत होती, त्याचे म्हणणे बसून ऐकले जात होते आणि बैठकांचे वृत्तान्त साऱ्या खेळाडूंपुढे ठेवले जात होते. एवढे शाळेत करायला खर्च येत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास आणि सूचनांची एक वही पुरेशी आहे. वहीत सूचना लिहावी आणि तिच्यासमोर मुख्याध्यापकांनी उत्तर लिहावे : होय, किंवा नाही आणि का नाही.